बी.आर्क.नंतर बाहेर शिकायला जायचंय, आणि पोर्टफोलिओतून वाडा काढून टाक म्हणतात

दांडियाबाजारची

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

मी वडोदऱ्यात बी.आर्क.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. घर दांडिया बाजारात, पणजोबांच्या वेळचा वाडा. त्याचे चार भाग झालेत, चौक तेवढा सगळ्यांचा राहिलाय. बाबा रेल्वेत, प्रतापनगरला, निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आई घरी शिवणकाम करते. धाकटा भाऊ अकरावीत. पैशांचं चित्र एवढ्यावरून लक्षात येईलच.

थिसिस विश्वामित्रीच्या पुरावर केला. ऑगस्ट २०२४ मध्ये मामाच्या घरात, समा भागात, कमरेएवढं पाणी शिरलं होतं. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ होती, मामी ती पुसायला तयार नव्हती. ती रेघ किती उंच, शेजारच्या घरात किती, पुढच्या गल्लीत किती, असं मोजत मोजत ४३ घरं झाली आणि तोच थिसिस झाला. ज्युरीत बरे मार्क मिळाले. एकूण सीजीपीए मात्र ७.२ च आहे.

मला पुढे शहर आणि पाणी किंवा जुनी घरं यातलंच काहीतरी शिकायचंय. दोन्ही एकत्र शिकता आलं तर फारच छान. अलकापुरीतल्या एका कन्सल्टन्सीत गेले होते. त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं की इंग्लंडचं एक वर्षाचं एम.ए. घ्या, लगेच अ‍ॅडमिशन मिळेल. पोर्टफोलिओ चाळताना वाड्याच्या मोजमापांच्या शीट्स आल्या (दुसऱ्या वर्षी केल्या होत्या, हाताने काढलेल्या), तर म्हणाले, ‘हे जुनं घर काढून टाका, तिकडे कोणी बघत नाही, त्याऐवजी दोन-तीन चांगले रेंडर टाका.’ (रेंडर म्हणजे संगणकावर केलेली इमारतींची चकाचक चित्रं.) आई शेजारी बसली होती. येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, आजोबांचं घर काढून टाका म्हणाले.

तर विचारायचंय ते असं. जर्मनी, नेदरलँड्सचं डेल्फ्ट, इटली यातलं माझ्यासारखीला काय जमण्यासारखं आहे? आधी इथे नोकरी करून जावं की लगेच? आणि खरंच वाडा काढून टाकू का?

निवृत्त रावपुरा शाखा

बेटा, पोर्टफोलिओतलं मला काही कळत नाही, पैशांचं सांगतो. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर.

साडेसात लाखांच्या पुढे गेलीस की बँक साधारणपणे तारण मागते. काही नामांकित विद्यापीठांच्या याद्या बँकांकडे असतात, त्यांना बिनतारणही मिळतं, पण यादी प्रत्येक बँकेची वेगळी. विद्यापीठ ठरवण्याआधी दोन-तीन शाखांत जाऊन यादी बघ. अ‍ॅडमिशनचं पत्र हातात आल्यावर धावाधाव करणारी मुलं मी फार पाहिली.

आता तुमच्या वाड्याचं. चार भाग झालेत म्हणतेस, ते कागदावर झालेत की नुसते घरातल्या घरात? सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचं किंवा आजोबांचं नाव असेल आणि खाली वारसांची रांग असेल, तर बँक तो वाडा तारण घेणार नाही. एका मुलाच्या वेळी अकरा वारसांच्या सह्या हव्या होत्या. त्यातला एक जण बडोदा सोडून कुठे गेला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते कर्ज झालं नाही. आजच कार्डाची नक्कल काढ, खर्च किरकोळ आहे.

बाबांच्या पीएफला हात लावू नका. कर्ज सहकर्जदार म्हणून त्यांच्या नावावर असेलच, पण निवृत्तीनंतर हप्ता तूच भरणार हे धरूनच आकडा ठरवा. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष मुद्दलाचा हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तसं ते व्याज दर महिन्याला भरत राहिलं तर पुढचा हप्ता बराच हलका होतो. भरलेल्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, पण जुन्या करपद्धतीत राहिलं तरच.

आणखी एक. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येतात, आपल्याकडची मुलं उत्साहाने फॉर्म काढतात. त्या महाराष्ट्राच्या अधिवासाला आहेत. आपण पाच पिढ्या मराठी बोलत असलो तरी अधिवास गुजरातचा. इथल्या सरकारचं बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गाचं महामंडळ परदेशातल्या शिक्षणासाठी १५ लाखांपर्यंत चार टक्क्यांनी कर्ज देतं, उत्पन्नाची आणि बारावीच्या टक्क्यांची अट आहे. अनामत वर्गात असाल तर त्यांच्या योजना वेगळ्या. हे आधी बघ, बँक नंतर.

ओळंबा

दांडियाबाजारची, मी तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे, म्हणून तू म्हणते. मी बाबाजीपुऱ्यातली, वाइमारला शिकले, जर्मनीत पाच वर्षं काढली आणि २०१९ पासून परत इथे आहे. काम मुख्यतः जुन्या घरांच्या दुरुस्तीचं.

तुझा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो वाचून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. वाडा काढू नकोस. तो पहिल्या पानावर घे.

हेच मला कोणीतरी सांगायला हवं होतं. मी पहिल्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केला तेव्हा पोर्टफोलिओत काचेचं कन्व्हेन्शन सेंटर होतं, एक एअरपोर्ट होता, संध्याकाळचं जांभळं आकाश होतं. तिन्हीकडून नकार आला. दुसऱ्या वर्षी मी आईच्या माहेरच्या घराच्या चौदा शीट्स लावल्या. दोन खणी ओटी, माजघर, चौक, मागे परसू, आणि पुढच्या दर्शनी भागाला आपल्याकडचं गुजराती कोरीवकाम. तांबेकर वाड्यात बघ, हेच मिश्रण आहे: मराठी चौकाभोवतीचं घर, लाकूडकाम इथल्या सुतारांचं, आणि आतल्या भिंतींवर महाभारताशेजारी युरोपियन बायकांची चित्रं. हे ना पुण्यात मिळतं ना अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांत. हे बडोद्याचं वेगळेपण आहे, आणि तुझ्याकडे त्याची हाताने घेतलेली मापं आहेत. ती काढून टाकायला सांगणाऱ्याला तू काय करतेस हे कळलेलंच नाही.

तिथल्या मुलाखतीत मला एअरपोर्टबद्दल कोणी विचारलं नसतं. घराबद्दल चाळीस मिनिटं विचारलं. एका शीटमध्ये खांब आणि तुळईचा सांधा मोठा करून काढला होता, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि आरपार लाकडी खुंटी. प्राध्यापकबाईंनी विचारलं, हा कोणी कापला? मी म्हटलं, नाव माहीत नाही, पण त्याच सुताराने शेजारची तीन घरं केलीत, कारण खुंटीचा कोन सगळीकडे सारखा आहे. एवढ्यावर त्या हसल्या आणि मला कळलं की आपलं झालं. पुढे मी एरफुर्टला गेले, वाइमारहून रेल्वेने पंधरा मिनिटं. तिथे ज्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंनी घरंच घरं आहेत त्या क्रेमरब्रुकेवर उभी राहून त्या घरांची लाकडी चौकट पाहिली. लाकडाचा सांगाडा, मधल्या जागेत वीट-मातीचा भराव. आपल्या वाड्याची चुलत बहीणच. तिथले सुतार अजूनही ते सांधे कापतात, त्याचं प्रशिक्षण असतं, परीक्षा असते. आपल्याकडे तो सुतार गेला की सांधा गेला. मला परत यावंसं वाटलं त्याची सुरुवात त्या पुलावर झाली.

वाइमारबद्दल थोडं सांगते, कारण तिथली बाउहाउस ही डिझाइनची प्रसिद्ध शाळा, आणि लोक बाउहाउस म्हटलं की देसाऊच्या काचेच्या भिंतीचा फोटो डोळ्यापुढे आणतात. बाउहाउस १९१९ मध्ये सुरू झालं ते वाइमारला, देसाऊला १९२५ मध्ये गेलं. वाइमारची मुख्य इमारत त्याच्याही आधीची, हेन्री व्हान दे व्हेल्डेची. तो गोल जिना चढताना कठड्यावर हात ठेवला की कोपरा कुठे लागतच नाही. गाव इतकं लहान की ऑक्टोबरात कांद्यांची जत्रा भरते तेव्हा सगळ्या रस्त्यांवर कांद्याच्या वेण्या लटकतात आणि प्राध्यापक, विद्यार्थी, दुकानदार सगळे तिथेच भेटतात. मला ते फार मानवलं. वर्ग इंग्रजीत होता, शहररचनेचा, आणि वीस जणांत अकरा देश.

पहिल्या ‘कोरेक्तूर’ला, म्हणजे टेबलावरच्या चर्चेला, मी लायब्ररीचं डिझाइन घेऊन गेले. सरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, छपरावरचं पाणी कुठे जातं? मला सांगता येईना. आईच्या माहेरच्या घरात मला ते डोळे मिटून सांगता आलं असतं: चौकातून ओटीखालच्या दगडी मोरीने गल्लीच्या गटारात. पाणी कुठे जातं हे तू ४३ घरांत मोजलंयस. तुझ्यापेक्षा दुप्पट सीजीपीएवाल्याकडेही हे नसेल. सीजीपीए दहाच्या पुढे जात नाही हे मला माहीत आहे, रागाच्या भरात लिहिलं गेलं, राहू दे.

सीजीपीएचंच सांगायचं तर जर्मनीत तुझ्या गुणांचं रूपांतर करतात. १० मधून ७.२ वजा, भागिले १० वजा पासिंग, गुणिले ३, अधिक १. पासिंग ४ धरलं तर २.४ येतं, ५ धरलं तर २.७ च्या जवळ. तिकडे १ सगळ्यात चांगला आणि ४ पास. २.५ ची अट अनेक अभ्यासक्रमांना असते, म्हणून तुझ्या विद्यापीठाचं पासिंग किती हे मार्कशीटच्या मागे किंवा पत्रावर स्पष्ट लिहून घे. या एका कागदावर अर्ज आत किंवा बाहेर होतो.

पैसे. ट्युरिंगियामध्ये, म्हणजे वाइमारच्या राज्यात, सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं अंशदान भरायचं. पण सगळ्या जर्मनीत तसं राहिलेलं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळ्यापासून आपल्यासारख्यांना हजारोंची फी लावली. खरा मोठा आकडा ब्लॉक खात्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, मग दर महिन्याला ९९२ तुला खर्चाला मिळतात. १०० रुपयाने धर, म्हणजे जवळजवळ बारा लाख. हे तुझेच पैसे, पण आधी उभे करावे लागतात. शिवाय एपीएसचं, म्हणजे आपल्या पदवीचे कागद तपासून मिळणारं, प्रमाणपत्र, फी १८,००० रुपये. आमच्या वेळी ते नव्हतं, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, आणि वेळ लागतो, तेव्हा पहिल्यांदा तेच कर. दुसऱ्या वर्षाचा खर्च काही प्रमाणात कमावता येतो, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. डाडची (जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था) आर्किटेक्चरसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, मास्टर्ससाठीच, ती चुकवू नकोस. शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको अशी अट असते, म्हणजे एक-दोन वर्षं नोकरी करून गेलीस तरी चालतं.

डेल्फ्ट. तुझ्या पुराच्या विषयाला याहून जवळची जागा मला माहीत नाही. त्याच देशात नाइमेगेनला वाल नदीचा बांध डच लोकांनी साडेतीनशे मीटर मागे सरकवला, नदीला जागा दिली, आणि मध्ये बेट तयार झालं. आपण विश्वामित्रीच्या काठाला भिंत बांधायची की काठ मोकळा करायचा यावर भांडतोय, त्यांनी ते करून दाखवलं. डेल्फ्टच्या मास्टर्समध्ये अर्बनिझम आणि लँडस्केप असे वेगळे ट्रॅक आहेत. पण युरोपाबाहेरच्यांना फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर आहे. दोन वर्षांची फी आणि राहणं मिळून साठ लाखांच्या पुढे जातं. काकांनी वर लिहिलंय ते वाचून हा आकडा बाबांसमोर ठेव. शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नकोस असंच मी माझ्या बहिणीलाही सांगितलं असतं.

इंग्लंडच्या एक वर्षाबद्दल एवढंच: तिथे आर्किटेक्ट म्हणून नाव लावायचं तर पार्ट १, २, ३ असा रस्ता आहे आणि प्रत्येक एम.ए. म्हणजे पार्ट २ नव्हे. कन्सल्टन्सीने हे सांगितलं होतं का?

आता लगेच की नंतर. आधी इथे काम कर. दीड-दोन वर्षं, आणि अशा ऑफिसात जिथे साईटवर पाठवतात. मी लगेच गेले आणि त्याची किंमत मोजली. जर्मनीत आर्किटेक्टच्या कामाचे नऊ टप्पे असतात. पाचवा वर्किंग ड्रॉइंगचा, आठवा साईटवरच्या देखरेखीचा. माझी भाषा तेव्हा कच्ची होती, साईटचा अनुभव नव्हता, म्हणून ऑफिसात मला अडीच वर्षं स्पर्धांची चित्रंच करायला दिली. सुंदर चित्रं. एकही भिंत माझ्यासमोर उभी राहिली नाही. बी२ पातळीपर्यंत, म्हणजे कामापुरतं नीट, जर्मन आल्यावर मग एका दुरुस्तीच्या कामावर गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याकडून चुन्याबद्दल जे शिकले ते दोन वर्षांच्या वर्गात शिकले नव्हते. इंग्रजीत अभ्यासक्रम आहे म्हणून जर्मन लागत नाही या समजुतीत जाऊ नकोस. वर्ग इंग्रजीत चालतो, गवंडी जर्मनमध्ये बोलतो.

जाण्याआधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी करून टाक. बी.आर्क. इथलं असल्यामुळे बाहेरचं मास्टर्स कुठलंही केलंस तरी परत आल्यावर नाव लावायला अडचण नाही. (बारावीनंतरच बाहेर पदवीला पाठवायच्या विचारात कोणी पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ती परदेशी पदवी इथे मान्य आहे का हे कौन्सिलकडून आधी लेखी विचारा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर भारतात ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही.)

आपल्या गावाला हे नवं नाही गं. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये शहररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले आणि बडोद्यावर अहवाल लिहिला. त्या काळी रुंद रस्त्यासाठी गल्ली पाडणं हाच उपाय समजला जायचा. गेडिस म्हणायचे, आधी चालत फिरा, एकेक घर पाहा, आणि कमीत कमी पाडा. तू समात तेच केलंस. आणि आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपिअसकडे शिकले, त्याच ग्रोपिअसकडे ज्याने वाइमारची शाळा सुरू केली. परत येऊन अहमदाबादला अटिरा या कापड-संशोधन संस्थेची इमारत केली. एकदा जाऊन बघ, तिकडे शिकलेलं इथल्या उन्हात कसं उतरतं ते.

मांतोव्हाहून

ओळंबाताईंनी इटलीचं सोडलंय, ते मी सांगतो. मी वाघोडिया रोडचा, सध्या मांतोव्हाला आहे. हा मिलानच्या पोलितेक्निकोचाच एक कॅम्पस. इथलं मास्टर्स इंग्रजीत, डिझाइन आणि इतिहास एकत्र. तुला जुनी घरं आणि पाणी दोन्ही हवंय म्हणालीस: मांतोव्हाला तिन्ही बाजूंनी तळी आहेत आणि अख्खं जुनं गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

इथे फी घरच्या उत्पन्नावर ठरते. त्यासाठी इसे नावाचा, घरच्या उत्पन्न-मालमत्तेचा, दाखला लागतो. जास्तीत जास्त फीसुद्धा वर्षाला चार हजार युरोंच्या आत आहे, आणि उत्पन्न कमी असेल तर प्रादेशिक शिष्यवृत्तीत फी माफ होऊन वर हातात पैसेही मिळतात. त्यासाठी बाबांच्या पगाराचे, घराचे, बँकेचे कागद हवेत, इटालियन भाषांतरासह. माझ्या बाबांचा एक कागद तारखेच्या फरकाने परत आला आणि पहिला हप्ता चार महिने उशिरा मिळाला. ते चार महिने फार वाईट गेले. मी दुपारी पास्ता आणि रात्री दुपारचाच पास्ता खायचो, आणि आईला फोनवर रोज वेगळी भाजी सांगायचो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय निघू नकोस, शिष्यवृत्ती नक्की असली तरी. वाड्याच्या हिश्शाची किंमतही उत्पन्नाच्या हिशोबात धरतात, तेव्हा काकांनी सांगितलेला प्रॉपर्टी कार्डाचा कागद इथेही लागेल.

बेल्जियमला लुव्हेनमध्ये रेमाँ लमेर केंद्र आहे, वास्तूंच्या जतनाचं मास्टर्स, इंग्रजीत. जुन्या वास्तू कशा जपायच्या याची तत्त्वं सांगणारा व्हेनिस चार्टर लिहिणाऱ्यांत लमेर होते. तेही यादीत ठेव.

दांडियाबाजारची

काका, ताई, दादा, तिघांचं लिहिलेलं काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आजी माजघरातून ऐकत होती. अकरा वारसांचं आल्यावर म्हणाली, आपले नऊ आहेत, सगळे हयात आहेत, आणि सगळे माझं ऐकतात. बाबा उद्या सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जाताहेत.

ठरलंय ते असं: जूनपासून नोकरी, जर्मनचा वर्ग संध्याकाळी, आणि २०२७ च्या हिवाळ्यासाठी वाइमार, मांतोव्हा आणि लुव्हेन. डेल्फ्टला अर्ज करीन, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच.

वाडा पहिल्या पानावर येतोय. पण दुसऱ्या वर्षीच्या शीट्स परत उघडून बघितल्या तर लाज वाटली. सगळे खांब सरळ काढलेत. प्रत्यक्षात चौकाच्या उत्तरेकडचे दोन्ही खांब आत झुकलेत, डोळ्याला दिसतं. ताई, ते आहेत तसे वाकडे काढायचे, की मूळचे जसे असतील तसे सरळ? आणि माळ्यावर आम्हाला कोणी जाऊ देत नाही, तर वरचा भाग कसा मोजायचा?

ओळंबा

आहेत तसे. सरळ काढलेस तर ते घर कोणाचंच नाही. वरून ओळंबा सोड, दोरी स्थिर होईपर्यंत थांब (चौकात वारा असतो, खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडव, लगेच थांबतं), आणि जोत्यापासून दर दोन फुटांवर दोरी ते खांब हे अंतर लिही. खांबाच्या दोन लगतच्या बाजूंनी, एकाच नाही. शीटवर तारीख घाल. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असं दोनदा मोज. दोन्हींत फरक आला तर खांब अजून हलतोय, आणि मग ती नुसती पोर्टफोलिओची शीट राहत नाही, आजीला आणि त्या आठ जणांना दाखवायचा कागद होतो. खांबाच्या तळाशी, दगड आणि लाकूड भेटतात तिथे, पेचकस हलकेच टोचून बघ. आत गेला तर मला लगेच लिही.

माळ्यावर जाऊ देत नाहीत ते बरोबरच करतात. पाट कुठे कुजलेत हे वरून कळत नाही. बाहेरून शिडी लावून तुळईच्या पातळीपर्यंत जाऊ, तिथून दिसतं तेवढं आधी काढू. या रविवारी माझं काम नाही. शिडी माझ्याकडे आहे, चौदा फुटी. तुमच्या दिंडी दरवाजातून ती वळून चौकात येईल का, तेवढं आधी मोजून कळव.